ओल्या फरशीवर खडू उठत नाही

अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा आमची बैठक असते, कंपवाताच्या पेशंटांची. तिथे चहा अर्धा कपच देतात. पूर्ण भरला तर अर्धा पोटात, अर्धा पदरावर. मागच्या बैठकीत तिथल्या मॅडम म्हणाल्या, "कुसुमताई, या वयात, असा आजार घेऊन तुम्ही एकट्या राहता. कसं जमवता ते लिहून आणा. बाकीच्यांना उपयोग होईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या आवडल्या, उगाच नाही कशाला म्हणू.

घरी येऊन वही उघडली आणि पहिलं वाक्य लिहिलं, मी माझ्या हिमतीवर राहते. लिहिलं आणि हात थांबला. आजाराने नाही थांबला. वाक्यच खोटं होतं. मी एका बाईच्या हातांवर राहत होते, आणि माझं घर सुटू नये म्हणून मी त्याच बाईला बुडवलं. ते सांगितल्याशिवाय बाथरूमला दांडा कुठे बसवावा आणि खुर्ची कशी ठेवावी हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून आधी ते.

या आजारात अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरुवातीला हरभऱ्याएवढं, शेवटी मोहरीएवढं. एक ओळ सोडून लिहितेय, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

अंगठा

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात माझं घर आहे. पुढे दुकानाची खोली, मागे राहायची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. माझ्या मुलाचे, प्रशांतचे पप्पा अंबरनाथला कारखान्यात होते. ते गेल्यावर याच दुकानात ब्लाउज शिवून मी पोराला शिकवलं. गिऱ्हाईक बहुतेक सिंधी. त्या बायकांना फिटिंग असं लागतं की जोरात श्वास घेतला तर हूक तुटावा, आणि तुटला की बोलणी मला. शेजारची लाजोभाभी माझी पहिली गिऱ्हाईक, आता तीस वर्षांची मैत्रीण. माझा आजार डॉक्टरच्या आधी तिला दिसला.

"अदी," ती म्हणाली. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. "ये तेरा अंगूठा क्या कर रहा है? माला जप रही है क्या?"

बघते तर उजव्या हाताचा अंगठा बोटावर आपला आपणच फिरतोय, दोऱ्याला पीळ घालावा तसा. मी हात पदराखाली घेतला. पुढचं वर्षभर तो पदराखालीच राहिला. सुई ओवता येईना तेव्हा चष्म्याला दोष दिला आणि चष्मा बदलला. हुकांची ओळ वाकडी गेली तेव्हा मशीनला शिव्या घातल्या. मग एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन बाह्या दोन उंचीच्या झाल्या. ती पोरगी काही बोलली नाही, हसून घेऊन गेली आणि परत कधी आली नाही. त्या दिवशी मी मशीनवर कापड टाकलं आणि प्रशांतला फोन केला.

डॉक्टर माझ्या प्रशांतपेक्षा लहान. त्याने मला अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं, कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली, त्या दिवशी माझं माप निघालं. शेवटी तो म्हणाला, "आजी, कंपवात आहे. पार्किन्सन्स म्हणतात तो. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या तर बरीच वर्षं चांगली जातात."

"शिवता येईल?" मी विचारलं.

त्याने प्रशांतकडे बघितलं. प्रश्न माझा, आणि बघितलं त्याच्याकडे. "एकट्या राहतात का?" हेही त्यालाच विचारलं.

"आजपर्यंत राहिली," प्रशांत म्हणाला. "आता नाही राहणार."

आजाराचं नाव ऐकून मला विशेष काही झालं नव्हतं. हे ऐकून मात्र मी खुर्चीवरून उठले.

सातवा मजला

प्रशांत आणि मेघाचा फ्लॅट बदलापूरला खरवईकडे, सातव्या मजल्यावर. पंधरा दिवस राहिले. मेघाबद्दल मी वाईट बोलणार नाही, अशी सून शोधून मिळायची नाही. पण ऑफिसला जाताना ती गॅस खालून बंद करून जायची आणि चहा थर्मासात भरून ठेवायची. "आई, तुम्ही फक्त आराम करा." बाल्कनीतून डोंगर दिसतो. छान आहे डोंगर. किती वेळ बघणार? एकदा म्हटलं, मेथी आण, निवडून ठेवते. तर म्हणाली, "निवडलेलीच मिळते हो आई." तिथे माझं काही चुकत नव्हतं, कारण मला काही करूच देत नव्हते.

मी प्रशांतला सांगितलं, मला घरी सोड, नाहीतर मी रिक्षा करून जाते. कडाक्याचं भांडण झालं आमचं.

"तिथे काही झालं म्हणजे?"

"आणि इथे काही होतच नाही, त्याचं काय करू?"

शेवटी तो नमला, पण अटी घातल्या. दाराला आतून कडी लावायची नाही. गोळ्या मोबाइलच्या गजरावर घ्यायच्या. सकाळ-संध्याकाळ फोन. आणि स्टूल, खुर्ची, पलंग, कशावरही चढायचं नाही. लादी-भांड्यांना येणाऱ्या शोभाने दिवसातून दोनदा यायचं. "यातली एक जरी मोडलीस ना आई, तर बॅग भरायची." मी हो म्हणाले. तेव्हा मी कशालाही हो म्हणाले असते.

रेघा

शोभा माझ्याकडे सहा वर्षं काम करत होती. अंबरनाथच्या पलीकडच्या गावातली, चाळिशीची, तोंडाने फटकळ. आमच्या गल्लीत माझं धरून चार घरं करायची.

या आजारात एक विचित्र प्रकार होतो, ज्यांना होतो त्यांना लगेच कळेल. चालता चालता दारात पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात नाही. माझे स्वयंपाकघराच्या दारात अडायचे आणि बाथरूमच्या दारात. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, फरशीवर आडव्या पट्ट्या लावा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. प्रशांतने चिकटपट्ट्या लावल्या. आठ दिवसांत त्यांची टोकं उखडली आणि माझी चप्पल त्यातच अडकली.

शोभाने त्या सगळ्या ओरबाडून काढल्या. "मावशी, तुमचा तो कपड्यावर मारायचा खडू कुठं हाय?"

टेलरचा चपटा खडू. दुकान बंद झालं तरी डबाभर उरला होता. तिने स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमपर्यंत पावला-पावलावर आडव्या रेघा ओढल्या. मी पहिलीवरून पाय टाकला, दुसरीवरून टाकला, आणि न अडता थेट बाथरूममध्ये. आधी हसू आलं, मग रडू. शोभा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चला, आता रोज लंगडी खेळा."

पण खडूच तो, लादी पुसली की गेला. म्हणून शोभा रोज आधी ओला फडका मारायची, मग कोरडा, मग पंखा लावून भांडी घासायला बसायची, आणि फरशी चांगली सुकली की वाकून रेघा काढायची. घाई केली तर खडू उठायचा नाही, नुसता लगदा व्हायचा. सुट्टी घ्यायची असली तर आदल्या दिवशी बजावायची, "उद्या लादी पुसू नका, रेघा जातील." यातलं काही तिला कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी एकटी राहिले, एकटी राहिले म्हणून गल्लीभर मिरवलं, ते या रेघांवर.

पौर्णिमा

आमच्याकडे मागच्या खोलीत बुद्धमूर्तीची फळी उंच आहे. प्रशांतच्या पप्पांनी स्वतःच्या हाताने ठोकली, कोणाचा पाय किंवा पाठ लागू नये म्हणून मुद्दाम उंच. पौर्णिमेला फळीवरचं पांढरं कापड बदलायचं, मूर्ती पुसायची, फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची, मग वंदना. अंघोळ करून, पांढरी साडी नेसून हे काम मी करायची. आजारानंतर शोभा चढायची आणि मी खालून एकेक हातात द्यायची.

त्या पौर्णिमेला शोभा सकाळचं काम करून, रेघा काढून निघाली. "दुसऱ्या घरचं उरकून येते मावशी, मग चढते. तोवर हात लावू नका."

मी साडी नेसून बसले. तासभर बसले. ताटात फुलं सुकायला लागली. मनात आलं, माझं घर, माझ्या नवऱ्याने ठोकलेली फळी, आणि मी दुसऱ्याच्या पायांची वाट बघत बसलेय. तेवढ्यात गोळीचा गजर झाला. म्हटलं, हे झालं की घेते. आणि दुकानातून मागे आणून ठेवलेल्या मशीनखालचं स्टूल ओढलं.

चढले. कापड बदललं, मूर्ती पुसली, फुलं ठेवली. झालं की! एवढंसं तर काम. मग उतरायला पाय उचलला तर उचलेना. स्टुलावर रेघ नव्हती. पाय चिकटले, अंग पुढे गेलं, आणि मी डाव्या हातावर पडले.

आता जे सांगतेय ते मी सांगितलं नसतं तर कोणालाही कळलं नसतं. ओरडायच्या आधी मी स्टूल सरकवलं. पडल्या पडल्या पायाने ढकलत ढकलत मशीनखाली घातलं, नेहमीच्या जागी. मनगट सुजून वाकडं झालेलं दिसत होतं, भुवईतून रक्त डोळ्यात येत होतं, आणि माझं डोकं फक्त एवढंच म्हणत होतं की स्टूल दिसता कामा नये. पाय एरवी दारात हलत नाहीत, तेव्हा बरे हलले. मग हाक मारली.

कडी नव्हती म्हणून लाजोभाभी लगेच आत आली. "हाय मेरी अदी! कैसे गिरी?"

"लादी गीली थी, भाभी."

मी जिथे पडले होते तिथून दोन हातांवर रेघा होत्या. पांढऱ्या, ठळक, सुक्या.

वॉर्ड

ऑपरेशन करून मनगटात धातूची पट्टी बसवली, भुवईला टाके पडले. चांगला हात मोडला आणि थरथरता उरला. वॉर्डात सकाळी चादरवाली, मग बीपीवाली, मग झाडूवाली, मग डॉक्टरांचा घोळका, आणि प्रत्येकजण विचारणार, "आजी, कशा पडलात?" तेच उत्तर देऊन देऊन ते मलाच खरं वाटायला लागलं. माझ्या गोळ्यांच्या वेळा वॉर्डाच्या वेळांत बसेनात, म्हणून मेघा रजा काढून मोबाइल घेऊन उशाशी बसायची, सिस्टरच्या मागे लागायची. मला भरवायची. तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने मला.

प्रशांतने एकदाच विचारलं. खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात. "आई, खरं सांग. चढली होतीस का कशावर?"

"नाही रे. फरशी ओली होती."

मी शोभाचं नाव घेतलं नाही. हे मी कितीतरी दिवस स्वतःला ऐकवत होते, की बघ, तू कुठे नाव घेतलंस? पण घरात फरशी पुसणारी दुसरी होती तरी कोण?

दुसऱ्या दिवशी मेघा माझे केस विंचरत होती. बोलता बोलता म्हणाली, "शोभाला काढलं मी. फोनवर चांगलंच सुनावलं. म्हटलं, एवढ्यांदा सांगून लादी ओली ठेवतेस, माझ्या सासूचा जीव गेला असता."

"काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? तोंड आहे का बोलायला?"

कंगवा केसांतून फिरत होता. मी डोळे मिटून घेतले. मेघाला वाटलं, मला बरं वाटतंय. तेव्हाच बोलायला हवं होतं, एका वाक्याचं काम होतं. पण एका बाजूला शोभाचं एक घर सुटणार होतं आणि दुसऱ्या बाजूला माझं घर, असा हिशेब मी मनात मांडला. तिला काय, दुसरं काम मिळेल. हेच शब्द होते माझ्या मनात. लिहितानाही लाज वाटते.

चौथं शील

पुढचे दोन महिने बदलापूरला. रोज सकाळी पंचशील म्हणायची मला लहानपणापासून सवय आहे. पाच शीलं, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. पहिली तीन सुरळीत जायची. चौथ्याला घसा बंद. अडखळायची, थांबायची, कसंबसं ओढून पाचव्यावर जायची. पाचवं दारूचं, ते सोपं, दारू कोण पितंय इथे!

प्रशांतने ते दोन-तीनदा ऐकलं आणि तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरला सांगितलं, "आईचं बोलणंही अडायला लागलंय." डॉक्टरने अर्धी गोळी वाढवली. माझ्या खोटेपणावर औषध चालू झालं आणि मी ते मुकाट्याने गिळत राहिले.

हात सुटला, व्यायाम झाले. एक दिवस प्रशांत स्वतःच म्हणाला, "आई, एक नवीन बाई ठरवलीय. सोमवारपासून तू तुझ्या घरी जा. तू सगळं पाळलं होतंस. चूक तुझी नव्हती." मी बॅग भरली. पांढरी साडी वर ठेवली.

त्याच संध्याकाळी लाजोभाभीचा फोन. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाली, "शोभा का बहुत बुरा हुआ, अदी. तीनों घरवालों ने निकाल दिया. सब बोलते हैं, इसने बुढ़िया को गिराया. अब पाँच नंबर में जीन्स के धागे काटती है."

म्हणजे एक घर नव्हे, चारही गेली होती. आणि 'बुढ़िया' मी.

दोन दिवस मी तोंड दाबून बसले. बॅग दाराशी होती. येता-जाता ती दिसायची. बोलले तर ती उघडणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. न बोलले तर सोमवारी मी माझ्या घरात असणार होते, माझ्या फळीखाली, माझ्या मूर्तीसमोर. आणि सकाळी चौथ्या शीलाला काय करणार होते? रविवारी जेवताना मी ताट बाजूला सारलं.

"प्रशांत, फरशी कोरडी होती. मी स्टुलावर चढले होते."

आधी मेघा बोलली. "मी तिला काय काय बोलले, आई! मी तुमचे केस विंचरत होते, तुम्हाला सांगत होते, आणि तुम्ही डोळे मिटून गप्प? माझ्या तोंडून वदवलंत?" ती उठून आत गेली.

मला वाटलं, प्रशांत चढल्याबद्दल ओरडेल. तो म्हणाला, "चढलीस त्याचं काही नाही. पण आता तू फोनवर 'मी बरी आहे' म्हणालीस, तर मी काय समजायचं?"

तो उठला, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि कपाटावर टाकली. माझा हात पोचणार नाही इतकी उंच.

तीन दारं

आठवडाभर बॅग कपाटावरच होती. मग मीच म्हणाले, मला शोभाकडे ने. प्रशांतने गाडीची चावी घेतली.

पाच नंबर कॅम्पात एका गाळ्यात जीन्सचे ढीग पडलेले आणि चार बाया कात्रीने धागे कापत उभ्या. शोभाच्या केसांवर, भुवयांवर निळी धूळ बसली होती. मला बघून तिने कात्री थांबवली नाही.

"शोभा, मी खोटं बोलले. स्टुलावरून पडले होते."

"ठाऊक हाय." कचकच चालूच. "ओल्या फरशीवर खडू उठतो का, मावशी? रेघा होत्या ना तिथं? म्हणजे फरशी सुकीच होती. तुमच्या घरातल्यांना एवढं दिसलं नाय?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कोणी?"

मी हात जोडले. माझा उजवा हात एवढा हलत होता की ते जोडलेले दिसलेही नसतील. शोभा म्हणाली, "मला कशाला सांगता? मला म्हाईतच हाय. त्या तीन घरी जाऊन सांगा." आणि दुसरी पँट ओढून घेतली.

त्याच दिवशी गेले. पहिल्या घरी बाई म्हणाली, "जाने दो आंटी, इस उमर में आदमी भूल जाता है." मी म्हटलं, "भूली नहीं थी. झूठ बोली थी." ती चपापली. दुसऱ्या घरी नुसतं "अच्छा" म्हणून दार लोटलं. तिसऱ्या घराच्या उंबऱ्यात माझे पाय चिकटले. आत माणसं बघतायत, मी खांबासारखी उभी. प्रशांत मागे होता. त्याला म्हटलं, "पाय आडवा घाल माझ्यासमोर." त्याला काही कळेना, पण त्याने बूट काढून पाय आडवा ठेवला. तो ओलांडून मी आत गेले आणि सांगायचं ते सांगितलं. माझ्या पोराने आपल्या आईला एकाच गल्लीत तीनदा स्वतःला खोटारडी म्हणताना ऐकलं.

गाडीत, अंबरनाथ मागे पडल्यावर, तो म्हणाला, "मागच्या खोलीत कॅमेरा लावू. आणि फोनवर 'बरी आहे' हा शब्द बंद. काय काय झालं ते सांगायचं. पडलीस तर पडले, रडलीस तर रडले."

"आणि चढले तर?"

"चढले तर चढले."

महिन्याने मेघाने स्वतः बॅग खाली काढली. अजून ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. बोलते, पण मध्ये एक सेकंद थांबून.

आता उपयोगाचं

बाथरूमचा दांडा भिंतीत स्क्रूने पक्का करून घ्या, चिकटवायचा घेऊ नका. अंघोळीला हात असलेली खुर्ची ठेवा. कडी लावू नका, शेजारणीला चावीपेक्षा उघडं दार बरं. गोळीचा गजर झाला की आधी गोळी, मग बाकी सगळं, वंदनासुद्धा. पाय अडले तर ओढू नका, समोर कोणाला पाय आडवा घालायला सांगा. आणि उंच फळी असेल तर ती खाली घ्या. माझी मी खाली घेतली आहे, छातीच्या उंचीवर. आमचे हे असते तर रागावले असते. पण तिथे आता माझा हात पोचतो.

आणि तुमच्या घरात जी बाई राबते तिच्याबद्दल खोटं बोलू नका. तिच्या बाजूने विचारायला कोणी नसतं.

तिसऱ्या घरच्यांनी शोभाला परत बोलावलं. बाकी दोघांनी नवीन बायका ठेवल्या होत्या. मेघाने फोन करून माफी मागितली, तर शोभा "बरं" म्हणाली, एवढंच. माझ्याकडे ती येत नाही. नवीन बाई फरशी पुसून जाते, रेघा मी काढते. वाकता येत नाही, म्हणून लाकडी मीटरपट्टीच्या टोकाला इलॅस्टिकने खडू बांधलाय. उभ्याने ओढते. रेघ नागमोडी येते, पण पाय तिला मानतो. डॉक्टरला सगळं सांगितलं, त्याने ती अर्धी गोळी कमी केली. चौथ्या शीलाला जीभ अजून अडते. मी अडू देते.

परवा सकाळी दार उघडंच होतं. शोभा तिसऱ्या घराकडे निघाली होती, दारात थांबली. आत बघितलं, माझ्याकडे नाही, फरशीकडे.

"या रेघा लांब पडल्यात, मावशी. आता तुमचं पाऊल एवढं पडतं का?"

खरंच होतं. मी अजून जुन्या मापाने काढत होते, आणि पावलं केव्हाच आखूड झाली होती. मला कळलं नव्हतं, प्रशांतला कॅमेऱ्यात दिसलं नव्हतं. ती चप्पल काढून आत आली. पट्टीचा खडू सोडून घेतला, वाकली, आणि प्रत्येक दोन रेघांच्या मध्ये एकेक रेघ ओढत बाथरूमपर्यंत गेली.

"चहा घे," मी म्हणाले.

"नको. उशीर होतोय."

गेली. मी तिच्या रेघांवरून चालून बघितलं, पाय कुठे अडला नाही. पण एक सांगायचं राहिलं. पहिली रेघ ओढायच्या आधी तिने तळहात फरशीवर ठेवला, सगळीकडे फिरवला, कोरडी आहे ना ते बघितलं. सवयीने केलं की मला दाखवायला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.